कोलकात्याच्या संग्रहालयात कऱ्हाडचे दान

सातारा-सांगली भागातील बहुतेक उपासक-उपासिकांनी कऱ्हाडजवळची आगाशिवाची लेणी पाहिलेली असतात. जखिणवाडीच्या वरच्या या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. त्यांत चैत्यगृहे आहेत, भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत, आणि एका ठिकाणी ‘गोपालाचा पुत्र संघमित्र याने दिलेले लेणे’ अशा अर्थाचा ब्राह्मी लेख आहे. आपल्या भूमीत धम्म रुजला होता हे सांगताना आपण या डोंगराकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. तथापि कऱ्हाडच्या बौद्धांचा याहून जुना लिखित पुरावा कऱ्हाडात नाही. तो येथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर, मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात असलेल्या भरहुतच्या स्तूपासाठी कोरला गेला. आणि त्या स्तूपाचे मुख्य अवशेष आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहेत. लेख अगदी लहान आहे: ‘करहकट निगमस दान’. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड. निगम म्हणजे व्यापारी पेठेचे गाव, किंवा त्या गावाची एकत्रित संस्था. एखाद्या राजाने नव्हे, एखाद्या श्रेष्ठीनेही नव्हे, तर कऱ्हाडने गाव म्हणून हे दान दिले आहे.

अलीकडे बुद्धगया, सारनाथ, नालंदा या यात्रेला जाणारे आपले बांधव येता-जाता कोलकात्यास एक-दोन दिवस थांबतात. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावड्याचा पूल आणि ‘जादुघर’ हा ठरलेला क्रम असतो. बंगाली लोक भारतीय संग्रहालयाला जादुघर म्हणतात. तेथे तासभर फिरून, इजिप्तची ममी पाहून मंडळी बाहेर पडतात. तळमजल्यावरील लालसर दगडांच्या दालनातून ती गेलेली असतात, पण तेथे आपल्याच गावांची नावे असलेला स्तूप उभा आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेख त्यांच्यासाठी आहे. कोलकात्याची सर्व प्रेक्षणीय स्थळे येथे सांगावयाची नाहीत. बौद्ध वाचकाने त्या शहरात काय वाचावे, एवढेच सांगावयाचे आहे. ‘पाहावे’ असे न म्हणता ‘वाचावे’ असे म्हणण्यास कारण आहे.

ते कारण समजण्यासाठी प्रथम पार्क स्ट्रीटवरील एशियाटिक सोसायटीकडे वळावे लागेल. १५ जानेवारी १७८४ रोजी विल्यम जोन्स याने ही संस्था स्थापन केली. भारतीय संग्रहालयाचा उगमही हिच्यातच आहे. १८१४ मध्ये सोसायटीने जमविलेल्या वस्तूंतून ते सुरू झाले. या संस्थेचा चिटणीस जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी होता. अशोकाच्या स्तंभांवरील लिपी त्या काळी कोणालाही वाचता येत नव्हती. तिचे जाणकार शेकडो वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यावरील अनेक लहान लहान लेखांचे ठसे प्रिन्सेपकडे आले. त्याच्या लक्षात आले की हे लेख परस्परांपासून भिन्न आहेत, पण जवळजवळ सर्वांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक बिंदू आहे. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे दगड दिले असतील तर प्रत्येकाच्या शेवटी कोणता शब्द येईल? ‘दानं’. या एका तर्कावर ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे निश्चित झाली आणि त्यांच्या आधारे पुढे साऱ्या लिपीचा उलगडा झाला. अशोक पुन्हा बोलू लागला तो त्याच्या स्वतःच्या शब्दामुळे नव्हे. ज्यांची नावे इतिहासाने टिपली नाहीत अशा साध्या उपासकांच्या दानामुळे. मला ही गोष्ट भारतीय पुरातत्त्वाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते.

याच सोसायटीत अशोकाचा बैराट येथील शिलालेख आहे. राजस्थानात बैराटजवळ १८४० मध्ये तो सापडला आणि कलकत्त्यास आणला गेला. म्हणून अभ्यासक त्याला कलकत्ता-बैराट लेख असेही म्हणतात. पालीच्या विद्यार्थ्याला याच्याइतका मोलाचा दगड दुसरा नाही. येथे अशोक स्वतःला मगधाचा राजा म्हणवून संघाला अभिवादन करतो, बुद्ध, धम्म आणि संघ या तिहींवरील आपली श्रद्धा प्रकट करतो, आणि सात धम्मपर्यायांची नावे घेतो. राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश त्यांत आहे. तो आज मज्झिमनिकायात अम्बलट्ठिकाराहुलोवाद सुत्त म्हणून आपल्याला वाचता येतो. हे धम्मपर्याय भिक्खू आणि भिक्खुणींनी वारंवार ऐकावेत, मनात धरावेत, आणि उपासक-उपासिकांनीही तसेच करावे, असे अशोकाने लिहिले आहे. उपासिकांचा उल्लेख त्याने गाळला नाही, हे आमच्या विहारातील भगिनींना मी आवर्जून सांगतो. सोसायटीचे संग्रहदालन सामान्य संग्रहालयासारखे नसल्यामुळे आधी चौकशी करून जाणे बरे.

आता जादुघर. चौरंगी रस्त्यावरील सध्याची इमारत वॉल्टर ग्रॅनव्हिल याच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि १८७८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रामपुरवा येथील अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष येथेच आहे. मात्र पुढे जाऊन भरहुतच्या दालनात किमान अर्धा दिवस द्यावा. ज्यांच्याकडे अर्धा दिवस नसेल त्यांनी दुसरी दालने सोडावीत, हे सोडू नये.

भरहुतचा स्तूप इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३ च्या अखेरीस तेथे पोचला तेव्हा स्तूपाच्या विटा आसपासच्या वस्तीतील घरांत गेल्या होत्या आणि कठड्याचे दगडही बांधकामासाठी उचलले जात होते. मातीखाली दबलेला भाग तेवढा वाचला होता. १८७४ मध्ये उत्खनन झाले आणि त्यानंतर पूर्वेचे तोरण व कठड्याचे शिल्लक भाग कलकत्त्यास हलविण्यात आले. आज दालनात तोरण आणि कठडा पुन्हा उभे केले आहेत. त्यांची रचना समजून घेतल्याशिवाय लेख समजत नाहीत. उभे खांब म्हणजे ‘थभ’, दोन खांबांना जोडणाऱ्या आडव्या दगडी पट्ट्या म्हणजे ‘सुचि’, आणि सर्वांवरून गेलेला सलग माथा म्हणजे उष्णीष. दान द्यावयाचे ते याच हिशेबाने. कोणी एक खांब दिला, कोणी एक सुचि दिली. विदिशेच्या रेवतीमित्राची भार्या चापादेवी हिने पहिला खांब दिला. पूर्वेचे तोरण शुंगांच्या राज्यात वाच्छीपुत्र धनभूती या राजाने उभारविले, असे त्यावर लिहिले आहे. परंतु कठडा राजाचा नाही, तो लोकांचा आहे.

भरहुतवर दोनशेहून अधिक लेख आहेत. त्यांचे दोन प्रकार. एका प्रकारात शिल्पाखाली त्याचे नाव दिलेले असते. हे लेख पालीच्या अभ्यासकाला थक्क करतात. एका गोल पदकात बैलगाडी उभी आहे, बैल सोडलेले आहेत, माणसे चौकोनी नाणी जमिनीवर कडेला कड लावून पसरीत आहेत आणि मध्यभागी एक गृहस्थ हातात पाण्याची झारी घेऊन उभा आहे. खाली लिहिले आहे की अनाथपिंडिक कोटी नाणी पसरून विकत घेतलेले जेतवन दान देत आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील ही कथा आपण विहारात ऐकलेली असते. तेथे दोन हजार वर्षांपूर्वीचा कारागीर ती आपल्या डोळ्यांसमोर ठेवतो, तीही ‘कोटिसंथतेन’ असा पाली पाठाशी जुळणारा शब्द वापरून. मग आपण दानाचे पाणी कोणाच्या हातावर पडते ते शोधू लागतो, आणि तेथे कोणीही नसते. तथागतांची मूर्ती भरहुतवर कोठेही नाही. बोधिवृक्ष आहे, त्याखालचे रिक्त आसन आहे, धम्मचक्र आहे, पादचिन्हे आहेत. कोसलाचा राजा पसेनदि आणि मगधाचा अजातशत्रू दर्शनास आलेले दिसतात, पण ज्याच्या दर्शनास ते आले तो चिन्हांतूनच ओळखावयाचा. आमच्याबरोबर आलेल्या एका तरुणाने विचारले, “सर, मूर्ती चोरीला गेली का?” प्रश्न भाबडा होता, पण तो पडल्यामुळेच त्याने पुढचा तासभर प्रत्येक पट नीट पाहिला.

लेखांचा दुसरा प्रकार दानाचा. त्यांत भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, गृहस्थ व त्यांच्या भार्या आहेत. एका भिक्खूला ‘पेटकी’ म्हटले आहे, म्हणजे पिटक जाणणारा. बुद्धरक्षित नावाच्या दुसऱ्याला ‘पंचनेकायिक’ म्हटले आहे, म्हणजे पाच निकाय जाणणारा. पिटक आणि निकाय या संज्ञा इसवी सनापूर्वी रूढ होत्या याचा हा दगडी पुरावा. पाली वाङ्मयाला उत्तरकालीन म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. बुद्धरक्षित नावाचाच आणखी एक दाता ‘रूपकारक’ आहे, म्हणजे शिल्पी. जो दगड घडवितो तोच दानही देतो. महाराष्ट्रातील नावेही येथे आहेत. नाशिकची गोरक्षिता, वसुकाची भार्या, हिने एक खांब दिला. विदर्भातील भोजकट येथील दिङ्नागा या भिक्खुणीचे दान आहे. कऱ्हाडचे दाते एकाहून अधिक आहेत. गावाच्या निगमाखेरीज करहकटाच्या व्यक्तींचीही नावे येतात.

करहकट म्हणजे कऱ्हाड हे समीकरण केवळ नामसादृश्यावर उभे नाही. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेण्यांत ‘करहाकडचा’ लोहवाणी महिक, म्हणजे लोखंडाचा व्यापारी, याने लेणे दिल्याचा लेख आहे. कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर कृष्णा-कोयनेच्या संगमावरील पेठेचा व्यापारी दान देतो, हे भूगोलाशीही सुसंगत आहे. पेठ होती, पैसा होता, घाटवाटा होत्या. दूर भरहुतपर्यंत कऱ्हाडचे नाव गेले ते बहुधा अशाच व्यापारी तांड्यांच्या वाटेने.

या लेखांत दाता स्वतःची ओळख कशी करून देतो, तेही न्याहाळावे. गाव सांगतो, व्यवसाय सांगतो, बाप किंवा पती सांगतो, संघातील पद सांगतो. वर्ण सांगावा असे त्याला येथे सहसा वाटत नाही. यावरून त्या काळी समाजात उच्चनीचता नव्हती असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. धम्माला ज्याच्याशी झगडावे लागले ते अस्तित्वात होतेच. पण स्तूपाच्या कठड्यावर नाव कोरताना तिची गरज भासली नाही, एवढे निश्चित. मला तेथे दर वेळी मसूरची आठवण होते. मसूर कऱ्हाड तालुक्यातच आहे. साताऱ्यात शिकणारा बाल भीमराव १९०१ मध्ये भावंडांसह वडिलांना भेटण्यास निघाला, मसूर स्थानकावर उतरला, आणि आपण महार आहोत हे कळताच गाडीवानांनी बैलगाडी देण्यास नकार दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात स्वतः लिहिला आहे. त्याच परिसराने कधी काळी गाव म्हणून एक दगड दिला होता आणि त्यावर केवळ गावाचे नाव लिहिले होते. या दोन घटनांच्या मध्ये काय झाले हा आपल्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि संग्रहालयातील पाटी त्याचे उत्तर देत नाही.

संग्रहालयाकडून किती अपेक्षा करावी? आमच्या काही मित्रांचे मत असे की स्तूपाचे दगड शहरातील दालनात आणून ठेवणे म्हणजे श्रद्धास्थानाची वस्तू करणे होय. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु भरहुतला जे मागे राहिले त्याची गत पाहता, दगड हलविले नसते तर आज वाचावयास काय उरले असते, हेही विचारले पाहिजे. धातूंची गोष्ट वेगळी आहे. धातू ही पाहण्याची वस्तू नव्हे. सारिपुत्त व मोग्गल्लान या अग्रश्रावकांच्या अस्थी सांचीच्या परिसरातून इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. त्या परत आल्या तेव्हा जानेवारी १९४९ मध्ये याच कलकत्त्यात पंडित नेहरूंनी त्या महाबोधी सोसायटीच्या स्वाधीन केल्या, आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची स्थापना झाली. पिप्रहवा येथील स्तूपातून १८९८ मध्ये निघालेल्या रत्नांपैकी बराचसा भाग कलकत्त्याच्या संग्रहालयाच्या वाट्याला आला, पण काही रत्ने उत्खनन करणाऱ्या पेपे यांच्या घराण्यात राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे त्यांचा लिलाव ठरला होता. भारत सरकारने आणि जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतल्यावर तो थांबला व जुलैमध्ये ती रत्ने भारतात परतली. धातूंसह स्तूपात ठेवलेले दान शंभर-सव्वाशे वर्षांत मालमत्ता होऊन बाजारापर्यंत जाते, हे आपण नुकतेच पाहिले आहे. माझे मत असे की धातू विहारात असावेत. लेख आणि शिल्पे, जेथे त्यांचे मूळ स्थान उरलेले नाही तेथे, संग्रहालयात असावीत, आणि त्यांच्याजवळ दात्यांची नावे लोकांना कळतील अशा भाषेत लिहिलेली असावीत. यांतील शेवटची गोष्ट आजवर फार थोड्या ठिकाणी आढळते.

दालनात वंदना करावी काय, असे पुष्कळदा विचारले जाते. हात जोडून मनात त्रिसरण घेण्यास कोणाची हरकत नसते. फुले वाहू नयेत, दगडाला हात लावू नये, कपाळ टेकू नये. घामाच्या हाताने दगड झिजतो आणि अक्षरे जातात. वंदनेसाठी त्याच शहरात विहार आहेत. कॉलेज स्क्वेअरजवळचा धर्मराजिक चैत्य विहार अनागारिक धर्मपाल यांनी उभारला आणि तो १९२० मध्ये खुला झाला. आंध्रातील भट्टीप्रोळु येथील स्तूपातून मिळालेले धातू तेथे आहेत. महाबोधी सोसायटीचे कार्यालयही तेथेच. तिच्या ‘महाबोधी’ मासिकात १९५० मध्ये बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ हा लेख प्रसिद्ध झाला; नागपूरच्या दीक्षेच्या सहा वर्षे आधी त्यांनी आपली भूमिका जगभरच्या बौद्धांसमोर मांडली ती या मासिकातून. बहूबाजार भागात कृपाशरण महास्थविरांनी १८९२ मध्ये स्थापन केलेली बौद्ध धर्मांकुर सभा आहे. बंगालच्या पारंपरिक बौद्धांचे ते केंद्र होय. आपल्याकडच्या नवदीक्षितांनी तेथे जाऊन त्यांच्याशी बोलावे. पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध असलेल्या घरांतील रीत आपल्याला अपरिचित असते, आणि आपल्याविषयी त्यांच्याही मनात कुतूहल असते.

पालीच्या मराठी वाचकाला कोलकाता परके वाटू नये याचे आणखी एक कारण धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेल्या, लंकेत पाली शिकलेल्या या विद्वानाने कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि पुढे विद्यापीठात पाली शिकविले, व महाराष्ट्रात हे ज्ञान रुजावे म्हणून सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याने ते परतले. त्याच विद्यापीठातील बेणीमाधव बरुआ यांनी भरहुतच्या लेखांवर आणि शिल्पांवर आयुष्यातील बरीच वर्षे खर्च केली. विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय १९३७ चे आहे. जोडासाँको येथील ठाकूरबाडीत जाणाऱ्यांनी रवींद्रनाथांचे ‘चंडालिका’ हे नाटक आधी वाचून जावे. चांडाल कन्या प्रकृती आणि तिच्या हातचे पाणी मागणारा आनंद यांची ही कथा त्यांनी बौद्ध साहित्यातून घेतली आणि १९३३ मध्ये लिहिली. व्हिक्टोरिया मेमोरियल मकराण्याच्या संगमरवराचे आहे. बाहेरच्या बागेतून पाहिले तरी पुरे.

आता थोडे व्यवहाराचे. पुण्याहून हावड्यास आझाद हिंद एक्सप्रेस जाते. सोमवारी भारतीय संग्रहालय बंद असते, म्हणून मुक्कामाची आखणी त्याप्रमाणे करावी. भरहुतचे सर्व दगड येथे नाहीत. काही प्रयागराजच्या संग्रहालयात व इतरत्र आहेत. कोणता लेख कोणत्या दगडावर आहे, हे कनिंगहॅमच्या १८७९ च्या ग्रंथातील किंवा ल्यूडर्सच्या संग्रहातील पटलांवरून आधी नोंदवून न्यावे. पहिल्या वेळी मी ही तयारी केली नव्हती. अभ्यासक म्हणवून घेणारा मनुष्य दिवसभर खांबांमध्ये भिरभिरत राहिला आणि सायंकाळी पहारेकऱ्याने घंटा वाजविली तेव्हा वहीत चार ओळीही नव्हत्या.

दुसऱ्या वेळी विहारातील अकरा जणांना बरोबर नेले. निघण्यापूर्वी तीन रविवार केवळ ब्राह्मीची ओळख करून दिली. सारी लिपी शिकविणे शक्य नव्हते, म्हणून प्रिन्सेपच्याच वाटेने गेलो. मधोमध फुगवटा घेतलेली उभी रेघ म्हणजे द. आडव्या रेघेवर मध्यभागी उभी रेघ म्हणजे न. शेजारी टिंब असेल तर अनुस्वार. दालनात शिरल्यावर पहिली दहा मिनिटे कोणालाच काही दिसेना. मग कऱ्हाड तालुक्यातील साठी ओलांडलेल्या एक उपासिका, ज्यांचे शाळेतील शिक्षण चौथीपर्यंतच झाले आहे, एका खांबापुढे थांबल्या. हात मागे बांधून, कारण मी शिवू नका म्हणून बजावले होते, त्यांनी मान वाकडी करून ती ओळ पाहिली आणि मला हाक मारली, “सर, हितं दानं लिवलंय.” तेथे खरोखरच तसे लिहिलेले होते. त्यानंतर त्यांनी ‘दानं’ मोजावयास सुरुवात केली, आणि दालन बंद होईपर्यंत त्या मोजीत होत्या.